परीक्षावाली राही

आक्षीच्या कोळीवाड्यात आईबापांनी ठेवलेलं नाव बारशापुरतं. पुढं वाडा आपल्या सोयीनं दुसरं ठेवतो आणि तेच मरेपर्यंत चिकटतं. राहीला सगळे ‘परीक्षावाली’ म्हणत. या बाईला अक्षरओळख नव्हती. कुठं सही लागली की अंगठा उठवायचा आणि तो लुगड्याला पुसत हसायचं, एवढंच तिचं शिक्षण. पण हीच बाई वर्षातून दोनदा, एकदा चैत्रात आणि एकदा दिवाळीच्या आगेमागे, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून मुंबईला डॉक्टरांच्या परीक्षेला जायची.

शेजारची बायजा ओट्यावर बोंबील निवडता निवडता विचारायची, “काय गो राही, अजून पास न्हाय झालीस?”

“मी कवाची पास हाय,” राही म्हणायची. “माझ्यापायी नापास व्हतात ते दाक्तर.”

असं म्हणून ती मान अशी उडवायची की बायजासुद्धा हातातलं काम थांबवून हसे. हसण्यावारी नेलेलं बोलणं कधी अंगाशी येईल, ते कुणी सांगावं!

राहीच्या छातीत दोष होता. नऊ-दहा वर्षांची असताना तिला ताप आला, गुडघे-मनगटं सुजली, महिनाभर पोर अंथरुणाला खिळली. भगताचा अंगारा झाला, काढे झाले, ताप उतरला आणि घरचे विसरूनही गेले. पुढं तिचं लग्न झालं, होडी हाकणाऱ्या अंबाजी तांडेलाच्या घरात ती आली, दोन मुलं झाली. दुसऱ्या बाळंतपणानंतर मात्र मासळीची पाटी डोक्यावर घेऊन आक्षीहून नागावला जाताना तिला तीन-तीन ठिकाणी बसावं लागू लागलं. सासू नीराबाई म्हणायची, “आळशी हाय, दुसरं काय!” एक दिवस राहीला खोकताना रक्त पडलं तेव्हा नीराबाईची वाचा बसली. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं, हे माझ्या हातातलं नाही, मुंबईला न्या. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

मुंबईच्या त्या मोठ्या इस्पितळात राहीचं नशीब उघडलं, असं म्हटलं तर वाचणाऱ्याला विचित्र वाटेल. पण तिला स्वतःला तसंच वाटलं होतं. तिथल्या मोठ्या साहेबांनी तिच्या छातीला नळी लावली, तिला डाव्या कुशीवर वळवलं, पुन्हा लावली, आणि त्यांचा चेहरा पहिला बाजार चांगला झालेल्या कोळणीसारखा खुलला. त्यांनी लगेच दहा-बारा शिकाऊ डॉक्टरांना हाक मारली. एकेकजण यायचा, कान लावायचा, मान हलवायचा. हाताचा पंजा छातीवर ठेवला की आत मांजर घुरघुरल्यासारखं लागायचं, तेही सगळ्यांना दाखवलं गेलं. हृदयातली एक झडप अरुंद झालेली, पण गळत मात्र नाही. शिकवायला याहून सुरेख नमुना मिळायचा नाही, असं साहेबांचं म्हणणं. इंग्रजीत ते ‘प्युअर’ म्हणायचे. राहीनं तेवढा शब्द उचलला. घरी आल्यावर तिनं बायजाला सांगितलं, “माझा आजार प्युअर हाय. भेसळ न्हाय त्यात.”

गरिबाच्या घरात अभिमान धरायला फारसं काही नसतं. ज्या बाईला जन्मात फारसं कुणी ‘बस’ म्हटलं नव्हतं, तिच्या उशाशी कोट घातलेले लोक रांग लावून उभे राहत आणि तिला ‘आत्ता दुखत नाही ना?’ असं विचारत. आजाराचाही तोरा येतो माणसाला. राहीला आला, त्यात तिचं फार चुकलं असं मला वाटत नाही.

औषधांनी तिला बरं वाटू लागलं. साहेबांनी एकदा शस्त्रक्रियेचंही काढलं होतं. बोट घालून झडप मोकळी करायची नवी विद्या तेव्हा मुंबईत आली होती. नीराबाईनं ऐकताच दोन्ही हात कानांवर ठेवले. “काळजाला हात लावून देनार न्हाय मी!” राही स्वतःही घाबरलेलीच होती. शिवाय तिच्या मनात आणखी एक खूळ होतं, जे तिनं कुणाला सांगितलं नाही. झडप मोकळी झाली तर छातीतलं मांजर जाईल, आणि मग परीक्षेला कोण बोलावणार? साहेबांनी दोनतीनदा विचारून सोडून दिलं.

परीक्षेचं बोलावणं आलं की अंबाजी तिला एस.टी.नं रेवसपर्यंत सोडायचा. तिथून लाँचनं भाऊचा धक्का. इस्पितळात सोनाबाई म्हणून एक आया होती, देवगडकडची, जिभेची तिखट आणि मनाची गूळ. ती राहीला न्हाऊ-माखू घालून खाटेवर बसवायची, चहा-पाव द्यायची आणि डॉक्टरलोकांची अंडीपिल्ली सांगायची.

“हृदयाचा डॉक्टर व्हायचं म्हणजे काय खायचं काम आहे का, राहीबाई?” सोनाबाई म्हणायची. “आधी पाच-सहा वर्षं घासायचं आणि एम.बी.बी.एस. व्हायचं. मग रात्रंदिवस वॉर्डात राबायचं, आमच्यासारखंच, फक्त अंगात कोट. मग ही परीक्षा, एम.डी.ची. एक पेशंट देतात, तासभर देतात. त्याला विचारायचं, तपासायचं, आणि काय झालंय ते परीक्षकांना सांगायचं. ही पास झाली तर हृदयाच्या विभागाचं दार उघडणार, नाहीतर बाहेरून नमस्कार. आत गेलं की आणखी दोन वर्षं. तेव्हा कुठं लोक म्हणणार, हा हृदयाचा डॉक्टर.”

“आमच्यात बरं,” राही म्हणायची. “खलाशाचा तांडेल झाला का न्हाय ते दर्या सांगतो.”

“इथं तुम्ही सांगायचं नाही मात्र,” सोनाबाई बजावायची. “विचारतील तेवढंच बोलायचं. आजाराचं नाव तोंडातून काढायचं नाही. साहेबांचा सक्त हुकूम आहे.”

राहीनं तो हुकूम सात वर्षं पाळला. कितीतरी पोरं तिच्यासमोर घामाघूम झाली. कुणाला नळीतून ऐकूच यायचं नाही, कुणी भलत्याच जागी कान लावायचा. ती शांत पडून राहायची आणि मनातल्या मनात गुण द्यायची. तिची आजाराची हकीकत मात्र आता लग्नातल्या गाण्यासारखी पाठ झाली होती. लहानपणी ताप, सांधे सुजले, महिनाभर अंथरूण, दुसऱ्या पोराच्या वेळी दम, एकदा रक्त. ‘मधे पुन्हा ताप?’ असं विचारलं की ‘न्हाय.’ ‘सांधे?’ ‘न्हाय.’ ठेका चुकायचा नाही.

आठव्या वर्षी श्रावणात तिला ताप आला.

फार मोठा नव्हता. गुडघे सुजले, एक घोटा लाल झाला, आठ-पंधरा दिवस ती घरात पडून होती. मुंबईची वाट बंद, लाँचा बंद, आणि कोळीवाड्यात पावसाळ्यात ताप कुणाला येत नाही? नीराबाईनं शेक दिला. नारळी पुनवेला राही उठून नाचली नाही, एवढंच बायजाला वेगळं दिसलं. नंतर दम थोडा जास्त लागायचा, पण राहीनं ते वयावर घातलं. चाळिशी गाठली होती तिनं.

त्या दिवाळीच्या आधी बोलावणं आलं. राही नेहमीसारखी अबोली माळून गेली. पडद्याआड खाटेवर बसली, आणि पडदा सारून एक सडसडीत, सावळा तरुण आत आला. त्यानं कागद मांडला, नाव विचारलं, गाव विचारलं.

“आक्षी,” ती म्हणाली. “अलिबागच्या पल्याड.”

तरुणाचं पेन थांबलं. इतका वेळ शहरी बोलणारा तो एकदम म्हणाला, “आक्षी? मी नागावचा. गुणाजींचा हरेश्वर.”

राही उठूनच बसली. गुणाजींची नारळ-सुपारीची वाडी आक्षीपासून कोसभर अंतरावर. त्यांच्या दारात ती वर्षानुवर्षं पाटी उतरवत आली होती. त्याची आई केसर तिला मासळी घ्यायच्या आधी गूळपाणी द्यायची, ‘दम खा गं आधी, मग भाव कर,’ म्हणायची. हा पोरगा तेव्हा पडवीत मांडी घालून पाटीवर गिरवत असायचा.

“अरे बाला, तू केसरबायचा?” तिनं त्याचा हात धरला. “दाक्तर झालास?”

“अर्धा झालोय, मावशी.” तो हसला, पण ओठ कोरडे होते. “आज पास झालो तर हृदयाच्या विभागात घेणारेत. एकच जागा आहे. दोन वर्षं तिथं काढली की अलिबागला येऊन बसणार आहे मी. मग तुम्हाला कशाला लाँचनं मुंबईला यायला हवं?”

हे ऐकून राहीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिच्या ओळखीत किती माणसं छातीला हात लावून धक्क्यावर लाँचची वाट बघत बसली होती, आणि पावसाळ्यात तर वाट बघायचीही सोय नव्हती. आपल्या मातीतला पोर, केसरबायचा, आपल्याकडं हृदयाचा डॉक्टर होऊन येणार! ती मनात कुलदैवताला नवस बोलून गेली.

हरेश्वरनं हकीकत विचारली. तिनं सांगितली, पाठ होती तशी. ‘मधे पुन्हा ताप?’ ‘न्हाय.’ ‘सांधे?’ ‘न्हाय.’ जीभ सवयीनं चालली. श्रावणातला ताप त्या गाण्यात नव्हताच. लबाडी नव्हती त्यात. तिला आठवलाच नाही.

मग त्यानं तपासायला घेतलं. नाडी धरली, मान पाहिली, तिला कुशीवर वळवून नळी लावली. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग नळी काखेकडं नेली; झडप गळत असली तर तिकडं ऐकू येते. परत आणली. पुन्हा काखेकडं नेली. त्याच्या कपाळावर आठी पडली. राही ती आठी बघत होती. नेहमीच्या पोरांनी नळी काखेकडं एकदा नेऊन सोडून दिली असती. हा तिथंच घुटमळत होता. बाहेर घंटा झाली, दहा मिनिटं उरल्याची. त्यानं लिहिलेलं काहीतरी खोडलं.

आणि राहीला वाटलं, पोर चुकतोय.

आता आक्षीची रीत सांगायला हवी. खाडीच्या तोंडाशी वाळूचा दांडा आहे. ओहोटीला होडी त्यावर चढली की फळ्या सुटतात. म्हणून आत शिरलेली होडी मागून येणाऱ्या आपल्या बंदरच्या होडीला ओरडून वाट सांगते, डावं धर, उजवं धर. मुकाट्यानं पुढं निघून जाणं हे वाड्यात पाप. अंबाजीचं आणि त्याच्या चुलतभावाचं चार वर्षं बोलणं नव्हतं, एकमेकांच्या दारावरून मान फिरवून जायचे. पण दांड्याशी आले की अंबाजी घसा फोडून त्याला वाट सांगायचा आणि घरी येऊन पुन्हा शिव्या घालायचा. आपल्या बंदरची होडी डोळ्यांदेखत वाळूत जाते आणि आपण गप्प बसायचं, हे राहीच्या रक्तातच नव्हतं. साहेबांचा हुकूम मुंबईतला. ही रीत तिच्या बापजाद्यांची.

ती पुढं वाकली आणि हळू म्हणाली, “बाला, काखेत काय न्हाय. झडप अरुंद हाय नुसती. गळत न्हाय. प्युअर.”

हरेश्वरनं दचकून तिच्याकडं पाहिलं. “नक्की, मावशी?”

“आठ वर्सं हाय ना मी हितं. सगले मोठे दाक्तर तेच बोलतात.”

दांडा दर पावसाळ्यात जागा बदलतो, हे आक्षीतलं शेंबडं पोरही सांगेल. गेल्या सालची वाट यंदा कुणी ओरडत नाही. आधी बांबू घालून पाणी बघतात, मगच बोलतात. राहीनं गेल्या सालची वाट सांगितली.

परीक्षक आले. एक मोठे साहेब, दुसरे परगावाहून आलेले, जाड चष्म्याचे. हरेश्वर इंग्रजीत बोलू लागला. राहीला त्यातलं काही कळत नव्हतं, पण ‘प्युअर’ आलं तेव्हा तिनं सुटकेचा श्वास टाकला. चष्मेवाल्यांनी तिच्या छातीला नळी लावली, मग काखेला. तिथं ते थांबले. त्यांनी हरेश्वरला काहीतरी विचारलं. हरेश्वरनं एकदा राहीकडं पाहिलं. मग मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा नाही.

मोठे साहेब पुढं झाले. त्यांनी ऐकलं, फार वेळ ऐकलं, आणि मराठीत विचारलं, “राही, या पावसाळ्यात ताप आला होता?”

“व्हय साहेब. श्रावणात.”

“सांधे सुजले होते?”

“सुजले व्हते.”

“यांनी विचारलं नाही तुला?”

“इचारलं. मीच न्हाय बोलले.” “मना आठवलं न्हाय, साहेब.”

साहेबांनी मान डोलावली, तिच्या खांद्यावर थोपटलं. न सांगितलेल्या तापाबद्दल कुणी परीक्षार्थ्याला फासावर देत नाही. पण कानानं चुकलेलं माफ नसतं, हे सोनाबाईनं तिला कधीतरी सांगितलेलं होतं. श्रावणातल्या तापानं झडप आणखी बिघडून आता गळत होती आणि त्या पोराला ती ऐकू आली नाही, असाच त्याचा अर्थ झाला. आपण कुजबुजलो हे सांगावं, असं राहीच्या जिभेवर आलं. पण मग परीक्षेत फसवलं म्हणून त्याला घालवतील, याची तिला भीती वाटली. बोलायचं नव्हतं तेव्हा ती बोलली आणि बोलायचं होतं तेव्हा गप्प राहिली. हरेश्वरनं कागद गोळा केले, तिच्याकडं बघून किंचित मान लववली आणि पडदा सारून बाहेर गेला. तिचं नाव त्यानं कुणापाशी काढलं नाही.

सोनाबाईनं संध्याकाळी चहा आणला तेव्हा म्हणाली, “तो तुमच्याकडचा गेला हो. हुशार होता म्हणतात.”

राहीनं चहा घेतला नाही.

दिवाळी झाल्यावर ती पाटी घेऊन नागावला गेली. न जावं असं हजारदा वाटलं, पण केसरचं दार टाळलं तर केसरच विचारायला आली असती. केसरनं नेहमीसारखं गूळपाणी पुढं केलं आणि आपणहूनच सांगायला लागली. हरेश्वर परीक्षेत राहिला. सहा महिन्यांनी पुन्हा बसता येतं, पण हृदयाच्या विभागातली जागा दुसऱ्याला गेली, ती काही त्याच्यासाठी थांबत नाही. “कोन आजारी बाय व्हती म्हने,” केसर म्हणाली, “तिचं दुखनं वलखता आलं न्हाय त्याला. आता त्या बायचा तरी काय दोष?”

राहीनं गूळपाणी तसंच खाली ठेवलं. पदरानं तोंड पुसत ती म्हणाली, “तिचाच आसंल.” केसरला वाटलं, ही आपलं समाधान करतेय.

त्याच थंडीत गुणाजींचं अंग वाऱ्यानं गेलं. एकुलता मुलगा, वाडी, अंथरुणाला खिळलेला बाप. हरेश्वर सहा महिन्यांसाठी म्हणून आला. सहाचे बारा झाले. गावात सरकारी दवाखाना निघाला, तिथं त्यालाच नेमलं. लग्न झालं, मूल झालं. माणूस निघतो एकीकडं जायला आणि संसार त्याला धोतराच्या सोग्याला धरून ओसरीवर बसवतो. एकट्या राहीच्या कुजबुजण्यानं हे सगळं घडलं असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण राही शहाणी नव्हती. तिनं ते सगळं आपल्या पदरात बांधलं.

पुढच्या चैत्रात तिनं परीक्षेला जायला नकार दिला, त्याच्या पुढच्या दिवाळीलाही. मग बोलावणं यायचं थांबलं. बायजानं एकदा चेष्टेनं विचारलं, “काय गो, परीक्षा संपली वाटतं?” राही इतकं कडू हसली की बायजानं तो विषय पुन्हा काढला नाही. वाड्यानं मात्र नाव सोडलं नाही. नवी सून आली की तिला दाखवायचे, “ती बग, परीक्षावाली.” दर वेळी राहीला चावल्यासारखं व्हायचं.

नागावच्या दवाखान्याची वाट तिनं टाळली. औषध लागलं तर अंबाजी अलिबागहून आणायचा. हरेश्वर डॉक्टरचं गावात नाव झालं. खोकला, ताप, बाळंतपण, विंचू, काही असो, लोक म्हणायचे, हाताला गुण आहे. ते ऐकून राहीला बरं वाटायचं आणि लगेच वाईट वाटायचं. विंचू उतरवायला का तो एवढा शिकला होता? आणि कुणी छातीला हात लावून आलं की हरेश्वर थोडं तपासून म्हणायचा, मुंबईला न्या. वाड्यातला चांगदेव असाच ऐन आषाढात गेला. समुद्र खवळलेला, लाँचा बंद, रस्त्यानं वळसा घालून नेता नेता वाटेतच आटोपला. सगळे म्हणाले, त्याची वेळ आली होती. राही उठली. घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून बसली.

एकच फळी धरून ती तरंगत होती. तो पोर काखेकडं पुन्हा पुन्हा नळी नेत होता, त्याअर्थी त्याला काही ऐकूच येत नसणार. आपण बोललो नसतो तरी तो चुकलाच असता, दुसरं काहीतरी बोलून. सात वर्षं कितीतरी पोरं आपल्यासमोर चुकली, तसा हाही. दिवसातून दहा वेळा ती स्वतःला हे समजवायची, आणि दहातल्या आठ वेळा तिला ते पटायचं.

अशी सहा वर्षं गेली. मग एका मार्गशीर्षात तिच्या पायांवर सूज चढली, पोट फुगलं, आडवं झालं की श्वास कोंडायचा. बसून बसून तिनं दिवस काढले. अंबाजीनं तिला न विचारता बैलगाडी आणली, तिला गादीवर टेकवून बसवलं आणि थेट नागावच्या दवाखान्यात नेलं. ती नको नको म्हणत होती, पण म्हणायलाही दम लागत होता.

हरेश्वरचे केस कानशिलांवर पांढरे झाले होते. त्यानं तिला पाहिलं, ओळखलं, आणि तपासायच्या टेबलावर बसवून पाठीशी उशा दिल्या. अंबाजीला बाहेर बसायला सांगितलं. नाडी धरली, मान पाहिली, नळी लावली. मग काखेकडं नेली आणि डोळे मिटले. राहीला त्याची ती परीक्षेतली आठी आठवली. आज कपाळ साफ होतं.

तिला आता राहवेना. तुटक श्वासांत तिनं विचारलं, “बाला, खरं सांग. त्या दिवशी तुला काय ऐकू आलं नव्हतं ना?”

हरेश्वरनं नळी गळ्यात सोडली. खोटं बोलून तिला सोडवता आलं असतं. त्याच्या मनात ते येऊनही गेलं असेल. पण खोट्या धीरानं काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

“आलं होतं, मावशी,” तो म्हणाला. “गळती स्वच्छ ऐकू आली होती. लिहिलीसुद्धा होती कागदावर. मग खोडली.”

“का रे खोडलीस?”

“तू म्हणालीस म्हणून. काळीज तुझं. मला वाटलं, तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असणार.”

राहीनं तोंडावर पदर घेतला. सहा वर्षं धरलेली फळी हातातून सुटली. ती रडायला लागली, पण रडायलाही श्वास पुरेना, नुसतीच खांद्यातून हलत राहिली. हरेश्वरनं तिच्या पाठीवरून हात फिरवला, जसा आईच्या पाठीवरून फिरवावा तसा. “माझ्या कानांवर मीच विश्वास ठेवला नाही,” तो म्हणाला. “तो तुझा गुन्हा नव्हे. तू गप्प बस बघू आता, दम लागेल.”

त्यानं सुई दिली. पाणी उतरेल, दोन दिवसांत सूज कमी होईल, असं सांगितलं. मग हात धुता धुता म्हणाला, “पण एवढ्यानं भागायचं नाही. मुंबईला जावं लागेल.”

“मी न्हाय जायची मुंबईला,” राही म्हणाली. तिनं त्याचा ओला हात दोन्ही हातांत घट्ट धरला. “कुनाकडं न्हाय जायची. मना तूच बरी कर. तूच कर काय करायचं ते.”

हरेश्वरनं हात सोडवून घेतला नाही. खिडकीबाहेर अंबाजी गाडीच्या बैलांना पाणी पाजत होता, तिकडं बघत तो म्हणाला, “मला याच्या पुढचं येत नाही, मावशी. तेच शिकायला निघालो होतो.”